जुळते ते आणि जुळल्यासारखे दिसते ते



वसंत ऋतूत सायंकाळी एकत्र जमून चार विचार ऐकण्याची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1875 साली पुण्यात पडली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर वेदान्त झाला, राजकारण झाले, काव्य आणि आरोग्यही झाले. आमचा आजचा विषय त्या मानाने लोखंडाचा आणि तेलाचा आहे. निरनिराळ्या रिव्हॉल्व्हरांचे सुटे भाग एकत्र करून त्यांतून एक चांगले रिव्हॉल्व्हर जुळवता येते काय, आणि येत असेल तर ते जुळवणाऱ्याला काय कळावे लागते, या प्रश्नापासून आम्ही आरंभ करणार आहोत.

लोणावळ्याच्या माणसांपुढे हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या गावाच्या पायथ्याशी घाट आहे. ज्या गावाखालून रात्रंदिवस जड गाड्या उतरतात, त्या गावाला कोणता भाग खरोखर जुळला आहे आणि कोणता केवळ जुळल्यासारखा दिसतो आहे, हा भेद कळणे इतर गावांपेक्षा अधिक अगत्याचे आहे. हा भेद अत्यंत स्पष्टपणे दाखवणारे लहानसे यंत्र म्हणून आम्ही रिव्हॉल्व्हर निवडले आहे. ते हाती धरण्यासाठी नव्हे, समजून घेण्यासाठी.

कायद्याची गोष्ट आधीच सांगून मोकळे होऊ. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत 1878 साली हत्यारांचा कायदा झाला आणि बंदूक बाळगण्यावर परवान्याची सक्ती आली. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी 1959 चा शस्त्र अधिनियम आला. तो 1962 साली अमलात आला. या कायद्यात केवळ विक्रीलाच नव्हे, तर बनवणे, दुरुस्त करणे, त्यात फेरफार करणे आणि त्याची कसोटी पाहणे, या सर्वांना परवाना लागतो. तेव्हा घरच्या घरी असा उद्योग करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे, आणि त्याची शिक्षा जबर आहे. ही बंधने केवळ सरकारच्या संशयातून आलेली नाहीत. त्यांच्यामागे जे यांत्रिक सत्य आहे, तेच आज आपल्याला पाहावयाचे आहे.

रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरत्या चक्राचे पिस्तूल. एक सांगाडा, त्याला पुढे आट्यांनी बसवलेली नळी, मध्ये पाच किंवा सहा घरांचे चक्र, मागे घोडा आणि खाली चाप. चाप ओढला की आतले एक लहानसे बोट चक्राला एक घर पुढे ढकलते. पुढचे घर नळीसमोर आले की खालून एक अडसर वर येऊन चक्राला जागच्या जागी धरतो. आणि मग घोडा पडतो. हे सारे निमिषार्धात घडते. साध्या बंदुकीत गोळी नळीतच असते. येथे मात्र गोळी एका भागातून सुटते आणि दुसऱ्या भागात शिरते. दोहोंच्या मधली फट काही सहस्रांश इंचांची असते. घर आणि नळी एका रेषेत नसतील, तर गोळी नळीच्या कडेवर आदळते, शिसे तासले जाते आणि त्याचे कण बाजूला उडतात. चूक अधिक असेल तर यंत्र धरणाऱ्याच्या हातातच फुटते.

आता या यंत्राचे भाग एकमेकांत बदलून पाहू. अमेरिकेतील दोन प्रसिद्ध कारखाने, कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन. दोघांचीही सहा घरांची रिव्हॉल्व्हरे टेबलावर शेजारी ठेवली, तर सामान्य माणसाला त्यांत फारसा फरक दिसणार नाही. परंतु मागून पाहिले असता कोल्टचे चक्र घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते आणि स्मिथचे त्याच्या उलट. म्हणजे एकाचे ढकलणारे बोट उजव्या अंगाने काम करते, दुसऱ्याचे डाव्या अंगाने. एकाच्या सांगाड्यात दुसऱ्याचे चक्र घालावयाचे म्हटले, तर ही दोन उलट्या दिशांची भांडणे प्रथम मिटवावी लागतील, आणि ती मिटत नाहीत.

तरीही जाणत्या कारागिरांनी यातून वाट काढली. 1970 नंतरच्या दशकात अमेरिकेतील पोलिसांच्या नेमबाजी स्पर्धांसाठी काही बंदूक-कारागीर स्मिथच्या सांगाड्यावर कोल्टच्या ‘पायथन’ जातीची नळी बसवू लागले. कारण असे की, स्मिथचा चाप मऊ आणि एकसारखा चालतो असे नेमबाजांचे मत होते. उलट पायथनची नळी जड असल्याने हात स्थिर राहत असे आणि तिच्या आतील पीळही अधिक घट्ट होता. पायथनच्या नळीत गोळीला 14 इंचांत एक पूर्ण फेरा मिळतो, स्मिथच्या नळीत सुमारे पावणेएकोणीस इंचांत. दोन घराण्यांच्या या संकराला लोकांनी दोघांची नावे जोडून ‘स्मोल्ट’ असे गमतीचे नाव दिले. पण एकाची नळी दुसऱ्याच्या सांगाड्यात सरळ फिरवून बसत नसे. नळीचे बूड लेथवर उतरवून नवे आटे पाडावे लागत, फट मोजावी लागे आणि सहाही घरे एकामागून एक नळीशी सरळ येतात की नाही हे पाहावे लागे. म्हणजे सुटे भाग दोन दुकानांतून आले खरे, पण ते ‘जुळले’ ते तिसऱ्याच्या कामाने. या तिसऱ्या माणसाकडे आपण लक्ष ठेवावे. आजच्या व्याख्यानाचा नायक तोच आहे.

हा तिसरा माणूस नको, असे मानणाऱ्यांचाही एक मोठा इतिहास आहे. फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लाँ नावाचा बंदूक-कारागीर होता. 1785 साली थॉमस जेफरसन हे अमेरिकेचे वकील म्हणून पॅरिसमध्ये राहत होते. ब्लाँने त्यांच्यापुढे पन्नास बंदुकांच्या चापांचे सुटे केलेले भाग निरनिराळ्या कप्प्यांत मांडले. जेफरसननी हाताला येईल तो भाग उचलून स्वतः काही चाप जुळवले आणि ते बिनचूक जुळले. ही हकीकत त्यांनी मायदेशी कळवली. लढाईत बंदूक मोडली तर लोहाराची वाट पाहावयास नको, पिशवीतला दुसरा भाग घालावा आणि पुढे चालावे, या कल्पनेने ते भारून गेले होते.

पुढे 1798 साली अमेरिकन सरकारने एली व्हिटनीला दहा हजार बंदुकांचा मक्ता दिला. मुदत दोन वर्षांची होती. 1801 साली व्हिटनीने वॉशिंग्टनमध्ये अधिकाऱ्यांपुढे ब्लाँसारखाच प्रयोग करून दाखवला आणि वाहवा मिळवली. बंदुका पुऱ्या व्हायला मात्र 1809 साल उजाडले. मौज अशी की, त्याच्या शिल्लक राहिलेल्या बंदुका पुढे अभ्यासकांनी उघडून पाहिल्या, तेव्हा एकीचे भाग दुसरीत बसेनात. भागांवर जोडीच्या खुणाही आढळल्या. कारागीर जेथे कानस चालवतो तेथेच अशा खुणा लागतात. कारण कोणता भाग कोणाचा हे त्याला विसरून चालत नाही.

सॅम्युएल कोल्टने रिव्हॉल्व्हरचे अमेरिकन पेटंट 1836 साली घेतले. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याची पिस्तुले मांडली गेली, आणि यंत्राने बनवलेल्या, एकाच मापाच्या भागांची ही शस्त्रे, म्हणून इंग्रज चकित झाले. यंत्रे त्याच्या कारखान्यात होती यात शंका नाही. पण भाग यंत्रातून निघाले की ते मऊ असतानाच फिटर कानशीने एकमेकांशी बसवीत, त्यांवर एकच क्रमांक ठोकीत आणि मग ते भट्टीत कठीण करीत. कठीण झाल्यावर क्रमांक पाहून तेच भाग पुन्हा एकत्र येत. म्हणून त्या काळच्या एका कोल्टचे चक्र दुसऱ्या कोल्टमध्ये बसेलच याची हमी नाही. जगाने ज्याला यंत्रयुगाचा विजय म्हटले, त्याच्या पोटात शेवटचा हात माणसाचाच होता.

आमच्या मावळातल्या माणसाला यात नवल वाटू नये. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना ज्याने पाहिले आहे, त्याला हे ठाऊक आहे. सुतार चाक करतो, लोहार लोखंडी पट्टीची धाव करतो. पण धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवतो. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल झाली की फुगते, मग चार माणसे चिमट्यांनी धरून ती चाकावर ठोकून बसवतात आणि पाणी ओततात. लोखंड आवळते, आरे तुंब्यात घट्ट बसतात आणि सारे चाक एकजीव होते. किती लहान ठेवावयाची? फार लहान ठेवली तर आरे मोडतात, कमी लहान ठेवली तर उन्हाळ्यात लाकूड सुकले की धाव सुटून रस्त्यावर पडते. ते माप कोठल्या पुस्तकात नव्हते, लोहाराच्या हातात होते. आणि ती धाव त्याच चाकाची. शेजारच्या गाडीला ती चालत नसे.

आपल्या शेजारच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात तर याचा दोन हजार वर्षांचा दाखला आहे. कातळात कोरलेल्या छताखाली सागवानी कमानी बसवल्या आहेत, आणि त्या अजून जागेवर आहेत. दगड आणि लाकूड, दोन परक्या जाती. ते लाकूड त्या कातळासाठी घडवावे लागले असणार. अशा कामात भाग आणि जागा यांचे लग्न एकदाच लागते.

तात्पर्य, जुळणीच्या दोन रीती आहेत. एक हाताची: हा भाग या जागेसाठीच. दुसरी मापाची: हा भाग कोठल्याही जागेसाठी. पहिलीत माणूस लागतो, दुसरीत सर्वांनी मान्य केलेले एक माप लागते. दोन्ही चांगल्या आहेत. संकट येते ते मधल्या जागेत, जेथे माप एक आहे असे वाटते पण असत नाही, आणि हात चालवायला माणूसही नसतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे आपला रोजचा नट-बोल्ट. 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने सर्व कारखान्यांनी एकाच प्रकारचे आटे पाडावेत अशी योजना मांडली. त्याच्या आट्याचा कोन 55 अंशांचा. अमेरिकेत 1864 साली विल्यम सेलर्सने निराळी योजना मांडली. तिचा कोन 60 अंश. अर्ध्या इंचाच्या बोल्टाला व्हिटवर्थच्या पद्धतीत इंचाला 12 आटे, अमेरिकन पद्धतीत 13. हे दोघे एकमेकांत जाणारच नाहीत. दोन फेऱ्यांतच अडतील आणि मेकॅनिक तो बोल्ट बाजूला टाकील. येथे काही बिघडत नाही. पण तीन अष्टमांश इंचाच्या बोल्टाला दोन्ही पद्धतींत इंचाला 16च आटे आहेत. कोन मात्र भिन्न. हा बोल्ट जातो. पाना लावला की घट्टही होतो. परंतु आट्याची पूर्ण बाजू आट्यावर टेकत नाही, थोड्याशाच जागेवर सारा भार येतो. खडखडाट होत राहिला की तो सैल होतो, किंवा एके दिवशी आटेच खरवडून निघतात. अडणारा बोल्ट प्रामाणिक म्हणावा. तो आपण परका असल्याचे तोंडावर सांगतो. घात करतो तो हा जाणारा बोल्ट.

रिव्हॉल्व्हरच्या बाबतीतही हेच घडले आहे. 38 बोअर हे नाव आपण वर्तमानपत्रात वाचतो. पण या नावाची दोन निरनिराळी काडतुसे फार प्रचारात होती. एकाची गोळी सुमारे 0.357 इंच व्यासाची, दुसऱ्याची सुमारे 0.361. दोहोंपैकी एकही 0.38 नाही! पहिले काडतूस लांब आणि बारीक, दुसरे आखूड आणि थोडे जाड. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ब्रिटनला पुरवलेली अनेक रिव्हॉल्व्हरे आखूड काडतुसांची होती. युद्धानंतर व्यापाऱ्यांनी त्यांतील काहींची घरे पुढे कोरून ती लांब काडतुसांसाठी म्हणून विकली. काडतूस आत जाई, बारही होई. पण घराचा मागचा भाग मुळातच रुंद असल्याने पितळी टरफल फुगे, कधी चिरे. नाव जुळले, लांबी जुळवली, व्यास राहून गेला. फरक केवळ काही सहस्रांश इंचांचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या हिशेबातला.

याचसाठी बंदुकीच्या धंद्यात कसोटीघराची चाल पडली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचे कसोटीघर 1813 साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाले. तेथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढतात, आणि ती टिकली तरच तिच्यावर शिक्का उमटवतात. शिक्का याचा अर्थ असा की, कोणीतरी हिच्याबद्दल जबाबदारी घेतली आहे. जुळवलेल्या वस्तूला हे विशेष लागू आहे. सबंध कारखान्यात तयार झालेल्या वस्तूवर कारखान्याचे नाव असते. पण सांगाडा एकाचा, नळी दुसऱ्याची, चक्र तिसऱ्याचे, असे झाले म्हणजे फुटल्यावर जाब कोणाला विचारावयाचा? प्रत्येक जण म्हणणार, माझा भाग निर्दोष होता. आणि ते खरेही असू शकेल. दोष भागात नसतो, दोष दोन भागांच्या मध्ये असतो, आणि त्या मधल्या जागेवर कोणाचेच नाव नसते.

आता आपण घाटाकडे येऊ. बोरघाटातील लोहमार्ग 21 एप्रिल 1863 रोजी खुला झाला. सुमारे सोळा मैलांत 1,831 फुटांची चढण, आणि तिचा सर्वांत कडक भाग 37 फुटांना एक फूट असा. रुळांमधले अंतर साडेपाच फूट. तेच माप देशभर पसरले, म्हणून मुंबईचा डबा पुण्यावरून पुढे कोठल्या कोठे जाऊ शकतो. घाटाखाली नेरळला उतरून पाहा: माथेरानची गाडी दोन फुटांच्या रुळावर उभी असते. दोन्ही रूळ एकाच स्टेशनात, पण एकाचा डबा दुसऱ्यावर चढत नाही. येथे कोणाची फसगत होत नाही. कारण फरक डोळ्यांना दिसतो.

कर्जतला गाडीच्या मागून ढकलणारी इंजिने जोडतात आणि लोणावळ्याला ती सोडतात, हे आपण लहानपणापासून पाहत आला आहात. ते इंजिन निराळ्या जातीचे, निराळ्या कारखान्याचे, निराळ्या काळातलेही असू शकते. तरी ते जोडले जाते, कारण जोडणीचा सांधा सर्वांनी मान्य केलेल्या मापाचा आहे. परक्या भागांना एकत्र काम करता येते ते अशा सांध्याच्या जोरावर.

पण रेल्वे बांधणाऱ्यांनी एवढ्यावरच विश्वास टाकला नाही. उतारावर पकड गेलेल्या गाडीसाठी बाजूला चढणीवर नेणारे रूळ टाकले, आणि उतरणाऱ्या गाड्यांनी मंकी हिल, ठाकूरवाडी येथे थांबूनच पुढे जावे असा शिरस्ता घातला. प्रवासी म्हणतात, येथे गाडी उगाच थांबते. उगाच थांबत नाही. तेथे गाडीचे ब्रेक खरोखर धरतात की नाही हे त्या थांब्यावर सिद्ध होते. बंदुकीच्या कसोटीघराचेच हे रुळांवरचे रूप आहे. जोडलेले यंत्र उतारावर सोडण्याआधी ते एकदा थांबवून पाहावे, हा धडा आपल्या अंगणातच आहे.

रस्त्याच्या वाहनांना मात्र अशी मंकी हिल नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहूरोडला लष्करी साठ्याचे मोठे आगार उभे राहिले. युद्ध संपल्यावर देशभर लष्कराच्या जुन्या जीप आणि लॉऱ्या लिलावात निघाल्या, आणि त्यांचे सुटे भाग बाजारात आले. अमेरिकन गाडीचे आटे अमेरिकन, विलायती लॉरीचे आटे व्हिटवर्थच्या घराण्यातले. पान्यांचीही तीच गत. विलायती पान्यावर अर्धा इंच लिहिलेले असे ते बोल्टाच्या जाडीचे माप, अमेरिकन पान्यावरचा अर्धा इंच म्हणजे पान्याच्या तोंडाचे माप. दोन पाने, एकच आकडा, आणि तोंडे निराळी! युद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यांना या घोटाळ्याचा एवढा त्रास झाला की, 1948 साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकत्र बसून आट्यांचे एक समान माप ठरवले. जगातल्या दोन बलाढ्य राष्ट्रांना जे शहाणपण महायुद्धाने शिकवले, ते आपल्या मेकॅनिकांना हमरस्त्याच्या कडेला, गाडीखाली उताणे पडून शिकावे लागले.

लोणावळ्याला या शिक्षणाची एक सुव्यवस्थित शाळाही आहे. 15 फेब्रुवारी 1945 रोजी येथे नौदलाची ‘शिवाजी’ ही संस्था सुरू झाली. समुद्रापासून इतक्या उंचावर नौदल कशाला, असे नवख्यांना वाटते. पण येथे गलबतांच्या यंत्रांची विद्या शिकवतात. भर समुद्रात पंपाचा भाग मोडला तर दुकान नसते. बरोबर आणलेला सुटा भाग बसवावयाचा, आणि तो नसेल तर बसेल असा घडवावयाचा. म्हणून नौदलाच्या यंत्रज्ञाला माप वाचता आले पाहिजे आणि कानसही चालवता आली पाहिजे. केवळ पहिले आले तर तो भांडारी, केवळ दुसरे आले तर तो जुना लोहार. समुद्राला दोघेही एका माणसात हवे असतात.

स्वतंत्र भारताने समान मापाचे महत्त्व लवकर ओळखले, हे कबूल केले पाहिजे. भारतीय मानक संस्था 1947 च्या आरंभीच, स्वातंत्र्याच्या आधी काही महिने स्थापन झाली. तिचे काम 1987 पासून भारतीय मानक ब्यूरो पाहते. 1956 साली वजनमापांचा कायदा झाला, 1957 साली दशमान नाणी आली आणि 1958 पासून किलो-मीटर बाजारात येऊ लागले. मावळातल्या जुन्या माणसांना आंबेमोहोर पायलीने मोजल्याची आठवण असेल. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असे नसे, आणि त्या फरकात कोणाचे घर भरत असे हे सांगावयास नको. समान माप ही केवळ यंत्रज्ञांची सोय नाही. ज्याच्याकडे घासाघीस करण्याची ताकद नाही, त्याचे ते संरक्षण आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, मग जुन्या भागांतून यंत्रे जुळवणेच बंद करावे. नवे घ्यावे, कंपनीचे घ्यावे. हे सांगणे सोपे, पण गरिबाच्या संसाराला झेपणारे नाही. भातगिरणीचे इंजिन, विहिरीवरचा पंप, भाजीचा टेंपो हे सारे आपल्याकडे वर्षानुवर्षे जुळवाजुळव करूनच चालत आले आहे. ती लाज वाटण्याची गोष्ट नाही. मोडलेले फेकून न देता त्याला पुन्हा कामाला लावणे ही विद्याच आहे, आणि नव्या वस्तूंच्या या काळात ती जपण्यासारखी आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट. आमचा मेकॅनिक हुशार आहे, तो काहीही कशातही बसवतो, त्याला मापे आणि शिक्के कशाला? या कौतुकाने आम्हाला भीती वाटते. ‘काहीही कशातही’ बसवणारा माणूस धोक्याचा. स्मिथच्या सांगाड्यावर कोल्टची नळी बसवणाऱ्याचे कौतुक आहे ते त्याने ती कशीबशी बसवली म्हणून नव्हे. न जुळणारे आटे त्याने ओळखले, काढून टाकले, नवे पाडले आणि सहाही घरे तपासली म्हणून आहे. खऱ्या कारागिराची पारख तो काय बसवतो यावरून जितकी होते, त्याहून अधिक तो कशाला नाही म्हणतो यावरून होते. ‘हे बसेल, पण मी बसवणार नाही,’ असे ज्या फिटरने गिऱ्हाइकाला सांगितले, त्याचे त्या दिवसाचे पैसे बुडतात. आपण मात्र त्याला अडेलतट्टू म्हणतो आणि पुढच्या गॅरेजात जातो. मग पुढच्या गॅरेजात ते बसते, आणि गाडी घाटात उतरते.

गाडीचा ब्रेक, सुकाणूचा सांधा, चाकाचे बोल्ट, घरातल्या गॅसच्या नळीची जोडणी, विजेच्या पंपाची तार, या सर्व जागा रिव्हॉल्व्हरच्या चक्रासारख्या आहेत. तेथे थोडे चुकलेले दिसत नाही, आणि जेव्हा दिसते तेव्हा वेळ गेलेली असते. आरशाची काच किंवा दाराची मूठ कशीही जुळवा, कोणाचे काही जात नाही. कोठे चालवून घ्यावे आणि कोठे मुळीच घेऊ नये, ही यादी प्रत्येक घराने आपल्यापुरती करावी.

म्हणून आमची विनंती तीन गोष्टींची आहे. सुटा भाग घेताना दुकानदाराला ‘बसेल का’ एवढेच विचारू नका. ‘याचाच आहे का’ असे विचारा. नाव एक असले तरी माप पाहा. दुसरे, ज्या जागी जिवाचा प्रश्न आहे तेथे जोडणी झाल्यावर उतारावर नेण्याआधी सपाटीवर कसोटी घ्या, घाईचे निमित्त सांगू नका. आणि तिसरे, जो जोडतो त्याचे नाव पावतीवर मागा. यात त्याचा अपमान नाही. आजवर आपण फिटरला पैसे दिले, पण नाव दिले नाही. कारखान्याचे नाव पितळी पट्टीवर, मालकाचे नाव दारावर, आणि दोन भागांच्या मधली जागा ज्याने सांभाळली त्याचे नाव कोठेच नाही. त्याची सही मागणे म्हणजे त्याची जबाबदारी मागणे आहेच, पण त्याची विद्या मान्य करणेही आहे. सही करावी लागणार हे ठाऊक असले, म्हणजे चांगला कारागीर अधिक निर्धाराने नाही म्हणू शकतो, आणि कच्चा कारागीर हात आवरतो.

बंधुभगिनींनो, न जुळणारी वस्तू ओळखायला विद्वत्ता लागत नाही. जुळल्यासारखी दिसणारी वस्तू ओळखायला माप लागते, सराव लागतो आणि धीरही लागतो. हे तिन्ही ज्यांच्याजवळ आहेत अशी माणसे या घाटमाथ्यावर आहेत; त्यांना विचारावे आणि त्यांचे ऐकावे.